महारोहिणीचे माप



अल्बर्ट आइन्स्टाइन पोटदुखीने बेजार होते. १९४८ साली शल्यचिकित्सक रुडोल्फ निसेन यांनी त्यांचे पोट उघडले, तेव्हा महारोहिणीवर मोठा फुगवटा आढळला. तिच्या भिंतीला बळकटी यावी म्हणून निसेन यांनी त्याभोवती सेलोफेन गुंडाळले. एप्रिल १९५५ मध्ये तोच फुगवटा फुटून आइन्स्टाइन निवर्तले.

पोटातील महारोहिणीचा व्यास साधारणतः दोन सेंटिमीटर असतो. तो तीन किंवा अधिक झाला, की त्यास विस्फार म्हणतात. विस्फार बहुधा मुका असतो. तो फुटेपर्यंत माणूस आपला कामधंदा करीत असतो.

रोहिणीचे चित्र त्या काळीही मिळत असे. लिस्बनच्या दुश सांतुश यांनी १९२९ मध्ये पाठीतून लांब सुई थेट महारोहिणीत घालून ते मिळवले होते. परंतु अशी परीक्षा दरवर्षी करवून घेण्यास कोण धजावेल? आणि या रोगात तर पुनःपुन्हा पाहण्यालाच महत्त्व आहे.

ती सोय श्राव्यातीत ध्वनीने केली. पोटावरून यंत्राचा छोटासा भाग फिरवला, की प्रतिध्वनींवरून रोहिणीची भिंत पडद्यावर उमटते. ब्रिटनमध्ये ६५ ते ७४ वर्षांच्या सुमारे ६८ हजार पुरुषांचा अभ्यास झाला. ज्यांना तपासणीस बोलावले होते, त्यांच्यात विस्फारामुळे होणारे मृत्यू चार वर्षांत सुमारे ४२ टक्क्यांनी कमी आढळले, असे २००२ साली प्रसिद्ध झाले. विस्फार साडेपाच सेंटिमीटरांहून लहान असेल, तर घाईने शस्त्रक्रिया केल्याने आयुष्य वाढत नाही, हेही तेथेच १९९८ साली दिसून आले होते. शस्त्राला थांबवण्याचे हे काम मला तितकेच मोलाचे वाटते.

छातीत मात्र फुप्फुसांतील हवा ध्वनीच्या आड येते. रोहिणीचा आतला पदर फाटून रक्त भिंतीच्या थरांत शिरले, तर वेळही हाती नसतो. तेथे सीटी स्कॅन काही मिनिटांत फाटलेला पदर दाखवतो. त्यासाठी दंडातील नीलेत आयोडीनयुक्त द्रव्य टोचावे लागते. तरीही या परीक्षेला शरीरात न शिरणारी म्हणतात! पाठीतील ती सुई आठवली, की हे म्हणणे मान्य करावेसे वाटते.

मार्फान विकाराच्या तरुणाची महारोहिणी जन्मभर पाहावी लागते. त्याला वारंवार क्ष-किरण देण्यापेक्षा चुंबकीय अनुस्पंदनाचा मार्ग बरा. मात्र नवे चित्र जुन्याशेजारी ठेवून, त्याच जागी, रोहिणीला काटकोनात छेदूनच मोजावे. एरवी दोन-तीन मिलिमीटरांची वाढ रोहिणीची नसून मोजणाऱ्याच्या हाताची असू शकते.