सेमाडोहून कुठलं कृषी विद्यापीठ?

सेमाडोहच्या कोरकू घरांची सोयरीक मध्य प्रदेशातल्या बैतुलातही असते. मग बारावीनंतर अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ घ्यावं, की जबलपूरचं?

आधी जातीचा दाखला हातात घ्या. त्यावर 'महाराष्ट्र' लिहिलंय. कोरकू दोन्ही राज्यांत अनुसूचित जमातीत आहेत, तरी हा दाखला मध्य प्रदेशच्या राज्य कोट्यात चालत नाही. सेमाडोहच्या सिपना नदीकाठचं पोर तिथं परराज्यातलं ठरतं! भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या (आयसीएआर) अखिल भारतीय जागांवर मात्र अनुसूचित जमातींना साडेसात टक्के आरक्षण आहे. त्यासाठी सीयूईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

मी अकोलाच सुचवेन. १९६९पासून हे विद्यापीठ विदर्भाच्या काळ्या मातीवर, कपाशी-ज्वारीवर काम करतंय. सणाला घरी यायला परतवाड्याहून एसटीही मिळते.