महापुराने शिकविलेले



माझे शिक्षण सातवीपर्यंतच. चुकले तर सांभाळून घ्यावे.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचा महापूर सांगलीत शिरला. शिधावाटपाची यादी माझ्याकडे होती. मी ओळखीची घरे आधी लिहिली. टोकाच्या झोपडीत दोन वर्षांचे पोर जुलाबाने मलूल झाले होते. तिथे आम्ही तिसऱ्या दिवशी पोचलो. पोर वाचले, पण त्या माउलीची नजर अजून टोचते.

मदत ओळखीला नव्हे, गरजेला आधी. तान्ही बाळे, गरोदर बायका, म्हातारी माणसे यांची यादी पावसाळ्यापूर्वीच करू या. उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. दवाखाना गाठेपर्यंत हे पाजीत राहावे.