मनगटावरचा पट्टा आणि माहेरचे नाव
(सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळाच्या सभागृहात दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगलप्रसंगी रुग्णालयाचा विषय काढणे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु गेल्या पन्नास वर्षांत आपण येथे गणपती बसविले, नाटके केली, कोजागरीचे दूध आटविले, तद्वतच एकमेकांच्या खाटेशी बसून रात्रीही जागविल्या. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, नातलग गाडीतून उतरेपर्यंत मंडळ हेच आपले गोत. म्हणून रुग्णालयांत येऊ घातलेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवस्थेचा विचार आम्हांस येथेच करावासा वाटतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या जयपुरातील सवाई मानसिंग रुग्णालयात अपघातात जखमी झालेल्या एका तरुणाला ओ पॉझिटिव्हऐवजी एबी पॉझिटिव्ह रक्त दिले गेले आणि तो दगावला. शासनाने चौकशी केली, कारवाईही झाली. पण दोष कोणाचा, एवढ्यावर हा प्रश्न मिटत नाही. कोणत्याही मोठ्या रुग्णालयात रक्ताची पिशवी आणि खाटेवरचा मनुष्य यांची गाठ बहुधा कागदाच्या चिठ्ठीने घातलेली असते. चिठ्ठी बदलली की गाठ चुकते, आणि विजोड रक्त शरीरात शिरताच तांबड्या पेशी फुटू लागतात, मूत्रपिंडे बंद पडतात.

नव्या व्यवस्थेत रुग्ण दाखल होताच त्याच्या मनगटावर पट्टा बांधावयाचा असतो. त्यावर बारकोडच्या रेघा असतात किंवा आत आर.एफ.आय.डी. नावाची लहानशी चकती असते. बहुतेक चकत्यांत बॅटरी नसते. वाचकयंत्र जवळ आले की त्याच्याच रेडिओलहरींतून त्यांना क्षणभर शक्ती मिळते आणि त्या आपला क्रमांक सांगतात. रेघा यंत्रासमोर आणाव्या लागतात. चकती पांघरुणाखालूनही बोलते. परिचारिकेने आधी पट्टा वाचावयाचा, मग पिशवी. मेळ बसला नाही तर यंत्र तत्क्षणी इशारा देते. मात्र येथे एक मेख आहे. तपासणीसाठी रक्ताचा नमुना घेतानाच पट्टा वाचला नसेल, तर पुढची सारी यंत्रे चुकीवरच शिक्कामोर्तब करतील.

आता खास आपल्या घरची गोष्ट. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण रक्तगट शोधून काढला. तो जगभर ‘बॉम्बे’ गट म्हणूनच ओळखला जातो. साध्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ दिसते. पण ‘ओ’ रक्तात असणारे ‘एच’ नावाचे द्रव्य त्यात नसते, म्हणून ‘ओ’ गटाचे रक्तही त्या मनुष्याला चालत नाही. असे लोक फार थोडे, पण महाराष्ट्रात ते इतर प्रांतांच्या मानाने अधिक सापडतात. अशा एखाद्या गृहस्थाची नोंद पुण्याच्या रुग्णालयाच्या कपाटात असेल आणि तो बेशुद्धावस्थेत जयपुरात दाखल झाला, तर ती नोंद त्याच्या काय कामाची?

नोंदींनी रुग्णाबरोबर प्रवास करावा, यासाठी आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. प्रत्येकास चौदा आकडी ‘आभा’ क्रमांक मिळतो. कागदपत्रे ज्या त्या रुग्णालयातच राहतात आणि रुग्णाच्या संमतीने दुसरीकडे पाहता येतात. योजना उत्तम, पण आपल्या भगिनींची पंचाईत निराळीच आहे. विवाहानंतर आपल्याकडे आडनाव तर बदलतेच, पुष्कळदा पाळण्यातले नावही बदलते. शाळेच्या दाखल्यावरची कुसुम सासरी सुनंदा होते. मधले नाव पित्याचे की पतीचे, हे येथल्या कारकुनाने कसे ओळखावे? शिवाय ‘जोशी’ राजस्थानातही उदंड! एकाच बाईच्या दोन नोंदी होतात. पेनिसिलिन सोसत नाही हे एकीत लिहिलेले असते, डॉक्टर दुसरीच उघडतात. यंत्र क्रमांक जुळविते, पण कुसुम आणि सुनंदा एकच, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते.

सेन्सरविषयी थोडेच बोलू. बोटाला लावावयाचा ऑक्सिमीटर २०२० च्या साथीत पुष्कळ घरांत पोहोचला. बोटातून दोन प्रकारचा प्रकाश सोडून रक्तातील प्राणवायू अजमावण्याची ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास सिद्ध केली. असे सेन्सर आता खाटेला, प्राणवायूच्या नळीला, औषधाच्या शीतकपाटालाही लावता येतात. तथापि २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून प्राणवायूची गळती होऊन दाब उतरला, तेव्हा बावीस रुग्ण गेले. दाब उतरताच घंटा वाजणे अवश्य आहेच. पण ती ऐकून धावणारा माणूस आणि हाताशी भरलेली सिलिंडरे नसतील, तर नुसती घंटा काय करणार?

संगणकावर सर्वस्वी विसंबणेही बरे नव्हे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सच्या संगणकांवर हल्ला झाला आणि त्या थोर संस्थेला कित्येक दिवस कागद-लेखणीवर काम चालवावे लागले. म्हणून आम्ही जी विनंती करणार आहोत, ती मुद्दाम कागदाचीच आहे.

सभागृहाबाहेर मेजावर छापील कार्डे ठेवली आहेत. त्यांवर सासरचे व माहेरचे अशी दोन्ही नावे, रक्तगट, न सोसणारी औषधे, चालू गोळ्या, आभा क्रमांक आणि गावाकडील एका नातलगाचा दूरध्वनी लिहावा. रक्तगट आठवणीने लिहू नये. प्रयोगशाळेचा कागद पाहूनच लिहावा. एक प्रत पाकिटात ठेवावी. दुसरी घरी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवून शेजाऱ्यास दाखवून ठेवावी. मंडळाकडे प्रत द्यावयाची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. आजारपणाची गोष्ट खासगी आहे. ज्यांना देवनागरीत व इंग्रजीत दोन्ही लिहिणे जड जाईल, त्यांच्यासाठी आमच्या समितीतील चौघे जण भोजनाच्या पंगती उठेपर्यंत मेजापाशी बसणार आहेत. चष्मा मात्र बरोबर आणावा.