टोपी, टॉवेल आणि यादी



शिरूर तालुक्यात भीमेच्या काठाला वडगाव रासाई हे आमचं गाव. नदीच्या अलीकडं आम्ही, पलीकडं दौंड तालुका. पाणी एकच, ऊसही दोन्हीकडं सारखाच, आणि सोयरिकी इतक्या की पलीकडच्या कुठल्याही वाडीवर चहाला नको म्हणून माणूस सुटत नाही. मी चोवीस वर्षांचा आहे. पुण्याला कॉलेज शिकून आलो, म्हणून घरातली दोन कामं न मागता माझ्याकडं आली. कुणाचा मोबाइल बिघडला तर बघायचा, आणि लग्नकार्याची यादी लिहायची. येत्या वैशाखात धाकट्या बहिणीचं लग्न आहे. तेव्हा आज या यादीविषयीच चार शब्द बोलावेत असं मनात आहे.

आमच्याकडं पाहुण्याचा मान करायचा म्हणजे टोपी, टॉवेल आणि नारळ. आता टॉवेल म्हटल्यावर कुणी अंग पुसायचा समजेल. तर तसं नाही. हा टॉवेल पाणी टिपत नाही. तो पुसण्यासाठी विणलेलाच नसतो, देण्यासाठी विणलेला असतो. तुम्ही आम्हाला दिलात, आम्ही तो घडी न मोडता लोखंडी पेटीत ठेवला. तुळशीचं लग्न झालं, मुहूर्त निघाले, की तोच टॉवेल तिसऱ्याच्या खांद्यावर. मागच्या साली एका कार्यात अण्णांना मिळालेला टॉवेल आईनं उलटसुलट करून बघितला. कोपऱ्यावर शाईचा ठिपका होता. आई म्हणाली, “हा आपलाच की! चार वर्षांनी माहेरी आला.”

टोपीचं आयुष्य याहून थोडं. ती डोक्यावर ठेवायची, फोटो निघाला की खिशात घालायची. ती घालून उसाला पाणी द्यायला निघालेला माझ्या वयाचा गडी काही मला भेटलेला नाही.

मी अण्णांना म्हटलं, “हे सारं बंदच करू. तेवढेच पैसे वाचतील.”

अण्णा म्हणाले, “वाचतील की. पण बोलणी किती खावी लागतील, त्याचा हिशेब मांडलास का?”

हिशेब मांडला तेव्हा कळलं, की सगळ्या कार्यात टॉवेलाइतकं स्वस्त दुसरं काही नाही. मंडप आहे, फेटे आहेत, छातीत धडधड होईल असा डीजे आहे. पत्रिकेवर मुहूर्त सहा वाजून पस्तीस मिनिटांचा, आणि त्या वेळेला नवरदेव अजून घोड्यावर. तिथून पुढं पुढाऱ्यांचे आशीर्वाद. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं 25 डिसेंबर 1873 रोजी पहिलं सत्यशोधक लग्न लावलं, तेव्हापासून लग्न साधं करा असं आपण ऐकत आलो आहोत. 1961 साली हुंड्याविरुद्ध कायदा झाला. आता हुंडा म्हणून कुणी काही मागत नाही. पोरीच्या हौसेनं म्हणून दारात मोटार उभी राहते, इतकंच.

माणसानं हे सगळं कधीपासून धरून ठेवलं असेल? आमच्याच तालुक्यात घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी 1968 पासून पुढं बरीच वर्षं उत्खनन केलं, तेव्हा तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं गाव सापडलं. ते लोक लहान मुलांना मडक्यात घालून घरातल्या जमिनीखाली पुरत, आणि मोठ्या माणसांना पुरताना त्यांची पावलं घोट्यापासून तोडत. मेलेला माणूस भूत होऊन चालत जाऊ नये म्हणून, असा विद्वानांचा तर्क आहे. मला वाटतं, त्या गावातही एखादा चोवीस वर्षांचा पोरगा असेल, तो म्हणाला असेल, “हे कशापायी?” आणि त्याच्या बापानं उत्तर दिलं असेल, “लोक काय म्हणतील?” त्या मानानं आमचा टॉवेल पुष्कळ सोज्वळ म्हणायचा.

पण खरी गंमत टॉवेलात नाही, नाव पुकारण्यात आहे. शिक्षक मंडळींना हे लगेच उमगेल. ही हजेरी आहे. माइकवर नाव आलं, माणूस उठला, खांद्यावर टॉवेल पडला, म्हणजे तो या गोतात हजर. भावकी आधी, मग मामा, मग व्याही आणि त्यांचे भाऊबंद, तेही वयाच्या क्रमानं. एका लग्नात थोरल्याच्या आधी धाकट्याचं नाव पुकारलं गेलं. थोरल्यानं नारळ तेवढा घेतला, टॉवेल खुर्चीवर ठेवला आणि न जेवता नदी ओलांडून घर गाठलं. ती बोलाचाली अजून बंद आहे. पन्नास-साठ रुपयांच्या कापडासाठी कुणी जेवण सोडत नाही.

तर आमची यादी. जुन्या वहीवरून ती मी उतरून काढली, दोनशे बारा नावं भरली, आणि संध्याकाळी सगळ्यांना वाचून दाखवली. भावकीच्या पानावर चुलत्यांचं नाव होतं. 2021 साली करोनात ते गेले. त्या नावावर रेघ मारून शेजारी त्यांच्या मुलाचं नाव आलं होतं. पोरगा सोळा वर्षांचा, त्याला टोपी आणि टॉवेल. बायकांच्या पानावर साडी-चोळी कुणाला, ओटी कुणाची, हळद लावायला सवाष्णी कोण, हे सगळं होतं. काकीचं नाव कुठल्याच पानावर नव्हतं. तिच्यासाठी वहीत रकानाच नव्हता.

माझ्या बहिणीला लहानपणी न्हाऊ-माखू घातलं ते काकीनं. आई उसात खुरपायला जायची, तेव्हा पोर काकीच्या मांडीवर असायची. मी विचारलं, “काकीचं नाव कुठं लिहू?” आई काही बोलली नाही. काकी तांदूळ निवडत बसली होती, ती म्हणाली, “माझं काय त्यात? मी चुलीपाशी आहेच की.”

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे 2022 मध्ये ठराव केला, की नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात शासनानं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठराव फार चांगला. पण हळदीला कुणाला बोलवायचं ते ग्रामसभेत ठरत नाही, ते ओसरीवर ठरतं.

बहीण आतून आली आणि म्हणाली, “पहिली हळद काकीनं लावायची. नाहीतर मी पाटावर बसायची नाही.” तिनं हळद नको म्हटलं नाही, हे ध्यानात घ्या. मी टॉवेल काढून टाका म्हणत होतो; तिला हळद हवी होती, आणि ती काकीच्या हातची. आत्या म्हणाली, “अगं, अपशकुन!” बहीण म्हणाली, “ज्या हातानं मला न्हाऊ घातलं, त्या हाताचा अपशकुन कसा होईल?” आत्या उठून गेली. तिला आणायला अण्णा दोनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा मला जायचं आहे.

यादीत मी काकीचं नाव पहिलं घातलं. काकी अजून हो म्हणालेली नाही. काल तिनं आईला इतकंच विचारलं, की हळद जात्यावर दळायची आहे का विकतची आणायची आहे.