केसपेपर नसलेला आजार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



कवितेच्या कार्यक्रमात माझा आवाज तुम्ही कधीमधी ऐकला असेल. आज कविता वाचायची नाही, एका अर्जाबद्दल बोलायचं आहे. मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. कायद्याशी माझा संबंध गावातल्या लोकांना अर्ज लिहून देण्यापुरता. वारसनोंद, रेशनकार्ड, विजेचं वाढीव बिल असले अर्ज मी शेकड्यांनी लिहिले. पण हा अर्ज अमेरिकेतल्या सैन्याच्या एका मंडळाकडे जायचा होता, आणि कागदावरचा एक शब्द बदलून मिळावा एवढीच त्यात मागणी होती.

अमेरिकेत सैनिक सेवेतून बाहेर पडला की त्याला एक कागद मिळतो. त्याचं नाव 'डीडी २१४'. साताऱ्याकडच्या श्रोत्यांना डिस्चार्ज बुकाचं महत्त्व मी सांगायला नको. तसाच हा कागद. त्यात एक रकाना असतो, सेवा कशी झाली त्याचा. सर्वांत वर 'ऑनरेबल', म्हणजे सन्मानपूर्वक. त्याखाली 'जनरल', म्हणजे सन्मान आहे पण थोडा उणा. त्याखाली 'अदर दॅन ऑनरेबल'. हे तीन शेरे वरिष्ठ अधिकारी कार्यालयीन कारवाईने देऊ शकतात. त्याहून खालचे दोन, 'बॅड कंडक्ट' आणि 'डिसऑनरेबल', कोर्ट मार्शल झाल्याशिवाय देता येत नाहीत.

तिसरा शेरा फार वाईट. कोर्टाने शिक्षा सुनावलेली नसते, पण माणूस आयुष्यभर शिक्षा भोगत राहतो. माजी सैनिकांच्या बहुतेक सवलतींचा दरवाजा अडतो. नोकरी देणारा तो कागद मागतो आणि वाचून परत करतो. आणि सैनिक परदेशातून आलेला असेल तर आणखी एक गोष्ट. ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या काळात सैन्यात काम केलेल्या परदेशी माणसाला त्या सेवेच्या जोरावर नागरिकत्व मागता येतं, पण त्यासाठी वरच्या दोनपैकी एक शेरा लागतो.

माझ्या मावसबहिणीच्या मुलाला तिसरा शेरा मिळाला होता.

तिला मी आपा म्हणतो. आपाचे यजमान, आमचे दुल्हाभाई, बोटीवर खलाशी होते. पुढे ते न्यू जर्सीत स्थिरावले आणि २००८ साली मुलाला तिकडे घेऊन गेले. सासूसासऱ्यांचं करायला आपा कोकणातच राहिली. मुलगा २०१२ साली ग्रीनकार्डावर सैन्यात भरती झाला. अमेरिकेत तसं चालतं. पहिली दोन वर्षं त्याचं उत्तम चाललं. सप्टेंबर २०१४ मध्ये दुल्हाभाई झोपेतच गेले. पोराला दहा दिवसांची रजा मिळाली. दफन तिथेच झालं, घरचा माणूस म्हणून तो एकटाच खांदा द्यायला. मग तो छावणीत परतला.

परतला, पण त्याच्यातलं काहीतरी मागे राहिलं. सकाळच्या हजेरीला उशीर होऊ लागला. गणवेश चुरगळलेला. कधी दारू न शिवलेला मुलगा प्यायला लागला. २०१५ च्या उन्हाळ्यात तो न सांगता निघून गेला आणि बापाच्या रिकाम्या खोलीत त्रेचाळीस दिवस पडून राहिला. मग आपल्या पायांनी परत आला. कोर्ट मार्शल नको असेल तर स्वतःच बाहेर पडण्याची विनंती कर, असा कागद पुढे आला. त्याने सही केली. "मामू, तेव्हा मला फक्त झोपायचं होतं," असं तो मला पुढे फोनवर म्हणाला. २०१६ च्या सुरुवातीला तो बाहेर पडला. एवढ्या अवधीत तो एकाही डॉक्टरकडे गेला नव्हता. डोक्याच्या डॉक्टरकडे गेलेला सैनिक पुढे कुणाला चालत नाही, अशी तिथे सगळ्यांची समजूत होती. ही समजूत फक्त अमेरिकेत आहे असं समजू नका.

आता अडचण कुठे आहे बघा. मला डिप्रेशन होतं म्हणून मी असा वागलो, असं सांगायचं, तर समोरचा विचारणार, केसपेपर कुठे आहे? उपचार झाले नाहीत म्हणून केसपेपर नाही, आणि केसपेपर नाही म्हणून आजारच नव्हता! मोडलेला हात एक्स-रेत दिसतो. मोडलेला माणूस फक्त हजेरीपटावर दिसतो, तोही गैरहजर म्हणून.

या गाठीशी अमेरिका फार वर्षं झगडते आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे 'ब्लू डिस्चार्ज' नावाचा प्रकार होता. कागदच निळा असे; सन्मान नाही, अपमान नाही, असा अधांतरी. असे ४८ हजारांहून अधिक निळे कागद तिथल्या भूदलाने वाटले, आणि त्यांतले बावीस टक्क्यांच्या आसपास कृष्णवर्णीय सैनिकांच्या हाती पडले. सैन्यात त्यांचं प्रमाण सात टक्केही नव्हतं. १९४५ साली 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्राने याविरुद्ध आघाडी उघडली. १९४७ मध्ये निळा कागद बंद झाला, पण त्याच्या जागी दुसरे शेरे आले. शेरा पुन्हा तपासणारी मंडळं १९४४ च्या कायद्यानेच स्थापन झाली होती. तिथे 'डीडी २९३' नावाचा फॉर्म भरायचा, पंधरा वर्षांच्या आत.

व्हिएतनामहून परतलेल्या हजारो सैनिकांनी हे फॉर्म भरले. पण युद्धाच्या धक्क्याने मनाला होणाऱ्या आजाराला वैद्यकीय पुस्तकात नाव मिळालं १९८० साली. त्याआधी घरी पाठवलेल्या माणसाच्या फाइलीत ते नाव सापडणार कसं? अखेर २०१४ मध्ये व्हिएतनामच्या माजी सैनिकांनी कनेक्टिकटमधल्या फेडरल कोर्टात दावा लावला. येल विद्यापीठातले कायद्याचे विद्यार्थी त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संरक्षणमंत्री चक हेगल यांनी मंडळांना लेखी आदेश दिला की अशा अर्जांकडे उदारपणे पाहा. ऑगस्ट २०१७ मध्ये खुलाशाचं आणखी एक पत्रक निघालं, आणि युद्धाचा धक्काच नव्हे तर मनाचा कोणताही आजार त्यात धरला गेला.

ते पत्रक मी भाच्याकडून मागवून शब्दकोश घेऊन वाचलं. सरकारी भाषा रूक्षच असते, पण यात काही वाक्यं माणसाने लिहिलेली वाटली. मंडळाने चार प्रश्न विचारायचे. आजार होता का? तो सेवेच्या काळात होता का? त्यामुळे गैरवर्तनाचा दोष खरोखर कमी होतो का? आणि तो त्या शेऱ्यापेक्षा जड भरतो का? पुढे म्हटलंय की सैनिकाचं स्वतःचं निवेदनसुद्धा पुरावा ठरू शकतं. घरच्यांची, मित्रांची पत्रं चालतील. वागण्यातला बदल, कामाची घसरण, दारू, पैशांच्या व्यवहारात अचानक पडलेला फरक, हे सगळं आजाराच्या खुणा म्हणून वाचता येईल. एवढंच काय, ज्या गैरवर्तनासाठी काढलं ते गैरवर्तनदेखील आजाराचा पुरावा असू शकतं.

हे वाक्य वाचलं आणि मी भाच्याची फाइल उलटीकडून वाचायला घेतली. त्याने ती लाजेने कधी उघडलीच नव्हती. तुकडीतल्या वरिष्ठांनी वेळोवेळी समज दिल्याचे अठरा कागद होते. रजेवर जाण्याआधीच्या दोन वर्षांत एकही नाही! पहिला परतल्यावर पाच आठवड्यांनी. मग दर पंधरवड्याला एक, पुढे आठवड्याला एक. उशीर, उशीर, दाढी न करता आला, उत्तर दिलं नाही, उशीर. कुठल्या डॉक्टरने ठेवला नसता इतका बारकाईने ठेवलेला तक्ता होता तो. वर 'केसपेपर' असं लिहायचं तेवढं राहिलं होतं. त्या वरिष्ठांना मी खलनायक ठरवत नाही. त्यांना तारीख दिसत होती, वेळ दिसत होती, आणि नियमाप्रमाणे ते लिहीत होते. हा मुलगा दोन महिन्यांपूर्वी असा नव्हता, एवढं विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

मग आपाचं पत्र. ती आमच्या कोकणी बोलीत सांगणार, मी मराठीत उतरवणार, तिकडे त्याचं इंग्रजी होणार आणि भाषांतरकार खाली सही करणार, असं ठरलं. मी कागद घेऊन बसलो. आपा म्हणाली, "लिही, माझं पोरगं मिटून गेलं." वाक्य असं की कवितेसाठी मी चोरलं असतं. पण अर्जाला ते पुरत नाही. कधी मिटलं? तुला कशावरून कळलं? असं मी तिला खोदून विचारत गेलो, आणि माझं मलाच वाईट वाटत होतं.

तिला महिने इंग्रजीत आठवत नाहीत, पण जुम्मा आठवतो. दर शुक्रवारी तो फोन करायचा. बाप गेल्यावर चौथ्या शुक्रवारी आला नाही. रमजान ईदला शेजारच्या मुलाच्या लॅपटॉपवर स्काइप लावलं, तेव्हा खोलीत दिवा नव्हता आणि त्याच्या गालावर दाढी वाढलेली होती. आपाला तेव्हा आनंद झाला होता! बाप गेल्यावर पोरगं दीनदार झालं म्हणून तिने शुक्र मानला. सैन्यात रोज दाढी करावी लागते, वेगळी परवानगी नसेल तर दाढी वाढवणं गुन्हा आहे, हे तिला कुठून कळणार? मी तिला ते सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग उठून आत गेली आणि बँकेचं पासबुक घेऊन आली.

त्या पासबुकाने मोठं काम केलं. भरती झाल्यापासून दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मुलाचे पैसे जमा. नोव्हेंबर २०१४ ची नोंद शेवटची. डिसेंबर कोरा, जानेवारी कोरा. 'पैशांच्या व्यवहारात पडलेला फरक' यासाठी वॉशिंग्टनच्या पत्रकाला याहून स्पष्ट पुरावा कोण देणार? पासबुकाची पानं आम्ही झेरॉक्स करून जोडली. जोडीला खोलीतल्या जोडीदाराचं पत्र. आणि भाचा २०२२ पासून ज्या डॉक्टरीणबाईंकडे जातो त्यांचं मत, की हा तीव्र डिप्रेशनचा आजार आहे आणि त्याची सुरुवात वडील गेल्यानंतरच्या महिन्यांत झालेली दिसते.

विशेषणं मी सगळी काढली. 'बिचारा' काढला, 'निष्पाप' काढला. आपा रागावली. म्हणाली, "तू त्याचा मामू आहेस की साहेब?" पण चुकलो नाही असं सांगण्यासाठी तो अर्ज नव्हताच. तो गैरहजर होता, हे खरं आहे. का होता, एवढंच सांगायचं होतं. ठरवून केलेल्या कृत्याला मनाचा आजार सहसा माफी मिळवून देत नाही, असंही ते पत्रक सांगतं, आणि ते मला रास्त वाटतं.

आपल्याकडे काय, असं तुम्ही विचाराल. आपल्या सैन्यात लाल शाईची नोंद असते. अशा चार झाल्या की जवान घरी, असा समज खेड्याखेड्यात आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वीरेंद्रकुमार दुबे यांच्या खटल्यात स्पष्ट केलं की चार नोंदी मोजून थेट काढता येत नाही. चौकशी हवी, आणि सेवा किती झाली, कुठल्या खडतर ठिकाणी झाली, हे पाहिलं पाहिजे. दाद मागायला २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, मुंबईत त्याचं खंडपीठ आहे. मनाच्या आजाराचं काय, हा प्रश्न मात्र तिथेही शेवटी कागदावरच येऊन थांबतो.

भाच्याचा अर्ज २०२३ मध्ये गेला, निकाल २०२५ मध्ये आला. मंडळाने मानलं की आजार होता, सेवेतच सुरू झाला, गैरहजेरीचा दोष त्याने कमी होतो. पण पूर्ण जात नाही. शेरा एक पायरी वर चढला, 'जनरल' झाला. काढण्याचं कारण होतं तिथे आता 'सेक्रेटरिअल ऑथॉरिटी' असे दोन निर्विकार शब्द आले. नवा कागद मिळाला. नागरिकत्वाचा अर्ज आता करता येईल, दवाखान्याची सोयही होईल. कॉलेजच्या फीची सवलत तेवढी मिळणार नाही, कारण ती फक्त 'ऑनरेबल'वाल्यांना. त्याला एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स करायचा आहे, चौतिसाव्या वर्षी.

म्हणून आता दुसरं मंडळ. फॉर्म 'डीडी १४९'. मुदत तीन वर्षांची, पण न्यायासाठी गरज वाटली तर ती माफ करायचा अधिकार मंडळाला आहे. नवीन काही पुरावा असेल तर बरं, असं त्याच्या वकीलबाई म्हणतात. मी आपाला फोन केला. ती म्हणाली, शेजाऱ्यांनी तो जुना लॅपटॉप माळ्यावर टाकलाय, चालू होतो का बघायला ये. येत्या शुक्रवारी नमाजनंतर जाणार आहे. सोबत दुरुस्तीवाला पोरगाही घेतोय.