घाण्याचें तेल आणि गणिताचा मठ



ग्रीस देशांत अथेन्स येथें प्लेटोच्या परंपरेची एक नामांकित पाठशाळा होती. तिचा आचार्य प्रोक्लस यानें युक्लिडच्या भूमितीवर टीका लिहिली. पुढें इ. स. ५२९ सालीं जस्टिनियन बादशहानें तेथील तत्त्वज्ञानाचें अध्यापन बंद पाडलें.

थोर आचार्यांचे ग्रंथ शिकविणारी अशी शाळा आपल्या खानदेशांतही झाली. चाळीसगांवजवळील पाटणें येथें शके ११२८, म्हणजे इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांचे सिद्धांतशिरोमणि आदिकरून ग्रंथ शिकविण्यासाठीं मठ काढला. निकुंभ घराण्यांतील सोईदेवानें त्यास उत्पन्न तोडून दिलें.

हें उत्पन्न कोणाच्या कष्टाचें? लेखाच्या शेवटीं जुन्या मराठींत त्याची नोंद आहे. पेठेंत विकल्या जाणाऱ्या मालावरील राजाचा हिस्सा मठास मिळे, आणि दर चालत्या घाण्यामागें पळीभर तेल. लेखांत तेल्याचा घाणा आहे. तेल्याच्या मुलाच्या पाटीचा उल्लेख मात्र नाहीं.

भास्कराचार्यांच्या लीलावतींत त्रैराशिक आहे, मुद्दल-व्याजाचे हिशेब आहेत. हेच हिशेब न आल्यामुळें आपल्या वाडवडिलांनीं कोऱ्या कागदावर अंगठे उठविले. आजची शाळाही आपल्याच करावर चालते. म्हणून आम्ही शिक्षक विनवितों कीं, कापूस वेचणीसाठीं मुलगा किंवा मुलगी शाळेंतून काढूं नका. आडत्याची हिशेबपट्टी घरीं आली कीं ती त्यांच्याकडून वाचवून घ्या, आणि बेरीज ताडून पाहिल्याशिवाय सही करूं नका.