टोमॅटोच्या पानातले हमाल



टोमॅटोचा हंगाम सुरू झाला, की जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतून भरलेल्या क्रेटच्या गाड्या नारायणगावच्या बाजाराकडे निघतात. क्रेट उतरवणारा हमाल आतला माल तपासत बसत नाही. तो खूण पाहतो आणि ज्याची खूण त्याच्या गाळ्यावर क्रेट नेऊन ठेवतो. अशीच हमाली टोमॅटोच्या पानातही रात्रंदिवस चालू असते. पाने मुरडून झाड खुरटते, ज्याला आपण बोकड्या किंवा चुरडामुरडा म्हणतो, तो रोग एकदा लागला की औषधाने का हटत नाही, याचे उत्तर या हमालीत सापडते.

पान पेशींचे बनलेले असते आणि पेशीत एक केंद्रक असते. हे नाव रॉबर्ट ब्राऊन या शास्त्रज्ञाने 1831 साली रूढ केले. झाडाच्या वंशाचे दप्तर, म्हणजे डीएनए, मुख्यतः या केंद्रकात असते. आता गंमत पाहा. दप्तर आत, पण ते उघडणारी, त्याची नक्कल करणारी प्रथिने तयार होतात केंद्रकाच्या बाहेर. मध्ये दुहेरी पडद्याची भिंत. मग ही प्रथिने आत जातात कशी?

सह्याद्रीच्या भिंतीत जसा आपला नाणेघाट, तशी या भिंतीत बारीक रंध्रे असतात. माणसाच्या एका केंद्रकाला ती हजारोंनी असतात. नाणेघाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळी त्यात जकात टाकीत, असे सांगतात. केंद्रकाच्या घाटातही सगळ्यांना मोकळी वाट नाही. लहान रेणू सहज निघून जातात. पण रंध्रात प्रथिनांच्या धाग्यांची दाट जाळी असल्यामुळे मोठे प्रथिन अडते. त्याला वाट माहीत असलेला हमाल लागतो.

या हमालाला इम्पोर्टिन म्हणतात. डर्क ग्योर्लिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 साली तो ओळखला. नेहमीच्या कामाला दोघांची जोडी असते: अल्फा आणि बीटा. आत जायच्या प्रथिनाच्या अंगावरच अमिनो आम्लांची एक छोटी ओळ खुणेसारखी असते. 1984 साली एका विषाणूच्या प्रथिनात अशी अवघ्या सात अमिनो आम्लांची खूण सापडली होती. अल्फा ती खूण ओळखून माल धरतो. बीटा अल्फाला धरतो आणि रंध्रातल्या धाग्यांना चिकटत, सुटत सगळ्यांना पलीकडे नेतो.

आत रॅन नावाचे लहान प्रथिन असते. केंद्रकात त्याच्यासोबत जीटीपी हा रेणू असतो. असा रॅन बीटाला बिलगला, की बीटाची पकड सुटते आणि माल आत उतरतो. हमाल रिकामे होऊन बाहेर येतात. बाहेर जीटीपीचे विघटन होते, रॅन सुटतो आणि हमाल पुढच्या खेपेला मोकळे होतात. आतला रॅन आणि बाहेरचा रॅन यांत हा फरक आहे, म्हणूनच माल वाटेत न पडता आतच उतरतो.

आता बोकड्याकडे वळू. हा रोग आणणारे विषाणू एकाच कुळातले आहेत. त्यांतल्या एकाला तर पुण्याचेच नाव मिळाले आहे. पांढरी माशी पानाचा रस शोषताना हे विषाणू पेशीत सोडते. त्यांना वाढायला केंद्रकच हवे असते. या कुळातल्या एका विषाणूच्या कवचाचे प्रथिन टोमॅटोचाच अल्फा हमाल धरतो, असे 1999 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. हमाल बिचारा खूण पाहतो; माल चोराचा आहे हे त्याला कळत नाही. बरे, हमालच थांबवावा, तर झाडाची स्वतःची प्रथिनेही बाहेर अडकून पडतील!

म्हणून शेतकरी बंधूंनो, फवारणीने माशी मरेल, पण झाडात शिरलेला विषाणू मरणार नाही. जे करायचे ते माशी झाडावर बसण्याआधी. रोपे बारीक जाळीखाली वाढवा. पिवळे चिकट सापळे लावा. शेताच्या कडेने मक्याच्या ओळी घ्या. मुरडलेली रोपे दिसताच उपटून पुरून टाका. हंगाम संपल्यावर जुने झाड शेतात उभे ठेवू नका. आपल्या जुन्या झाडावरची माशी शेजाऱ्याच्या कोवळ्या रोपावर जाते. हे काम एकट्याने भागत नाही, साऱ्या शिवाराने मिळून करावे लागते.

शिक्षक बंधुभगिनींनी कांद्याचा पातळ पापुद्रा घ्यावा, त्यावर आयोडीनचा एक थेंब टाकावा आणि मुलांना सूक्ष्मदर्शकातून दाखवावा. पेशीतले केंद्रक स्पष्ट दिसेल. रंध्रे मात्र दिसणार नाहीत. त्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. मग मुलांना विचारावे, भिंतीला दार नसते तर ही पेशी चालली कशी असती? आणि त्याच तासाला त्यांना शेजारच्या टोमॅटोच्या वावरात नेऊन मुरडलेले पान दाखवावे.